चरबीला फळाचा उतारा

पोर्क आणि फळ एकत्र शिजवायचं म्हटलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो : "म्हणजे गोड लागतं का?" प्रश्न रास्त आहे. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत 'मेक्सिकन' या नावाखाली चीज, राजमा, मक्याचे कुरकुरीत तुकडे आणि टोमॅटोची गोडसर चटणी मिळते. त्यात पिझ्झ्यावरच्या डब्यातल्या अननसाच्या चकत्या डोक्यात पक्क्या बसलेल्या. हा समज खोडून काढणं हे स्लो कुकरमधल्या मेक्सिकन पोर्क-फळाच्या प्रस्तुत पुस्तकाचं पहिलं काम आहे. मेक्सिकोच्या स्वयंपाकघरात पोर्कबरोबर जे फळ जातं, ते मिठाईच्या कामाला ठेवलेलं नसतं. ते चरबीचा चिकटपणा तोडतं, मिरचीचा जाळ आवरतं, रसाला दाटपणा देतं. बांगड्याच्या तिखल्यात आपण त्रिफळ आणि कोकम ज्या हिशेबानं टाकतो, तोच हिशेब तिथे अननस, संत्रं, सफरचंद आणि पिकलेल्या केळ्याचा असतो. हे एकदा ध्यानात आलं, की पुढच्या सगळ्या कृती आपोआप समजू लागतात, आणि हाताशी असलेलं फळ नेमकं कधी आणि किती घालायचं हेही उमगतं.

या जोडीतलं पोर्क मुळात मेक्सिकोचं नाही. रानडुकरासारखा दिसणारा पेक्करी तिथल्या जंगलांत होता, हरणं होती, टर्की पाळलेली होती. पाळीव डुक्कर मात्र नव्हतं. कोलंबस १४९३मध्ये दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा कॅनरी बेटांवरून त्यानं आठ डुकरं बरोबर घेतली, असं स्पॅनिश पाद्री बार्तोलोमे दे लास कासास लिहून गेला आहे. कॅरिबियन बेटांवर डुकरं भराभर वाढली आणि स्पॅनिश सैन्याच्या मागोमाग मुख्य भूमीवर आली. १५२१च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडलं. त्यानंतर स्पॅनिश सेनानी कोर्तेसनं कोयोआकानला विजयाची मेजवानी दिली, त्यात क्यूबाहून आलेलं पोर्क होतं, ही नोंद त्याच्या सैन्यातल्या बेर्नाल दियाझची. डुकराबरोबर त्याची चरबीही आली, आणि स्वयंपाकाच्या दृष्टीनं खरी उलथापालथ तिनं केली. तोवर मेक्सिकोत उकडणं, भाजणं, वाफवणं, जमिनीत पुरून शिजवणं हे सगळं होतं. चरबीत तळणं, परतणं जवळपास नव्हतं. पुढे तामालेच्या मक्याच्या पिठातसुद्धा डुकराची चरबी फेटून घालू लागले, आणि आजही पुष्कळ घरांतले तामाले तिच्यावाचून होत नाहीत.

फळांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. अननस, पेरू, चिकूच्या जातकुळीतली सापोते, फड्या निवडुंगाची बोंडं ही स्पॅनिश लोक येण्याआधीपासून तिथे खाल्ली जात होती. आंबट लागणारी ओल्या जर्दाळूएवढी 'सिरुएला' तिथली. आपला अंबाडा तिचा जवळचा नातेवाईक. सफरचंद, नाशपती, पीच, डाळिंब, मनुका युरोपातून आले. संत्र्याच्या बिया १५१८च्या मोहिमेत आपणच पहिल्यांदा पेरल्या, असा बेर्नाल दियाझचा दावा आहे. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत माणूस थोडं श्रेय ओढून घेतोच, पण संत्रं त्याच सुमाराला रुजलं यात शंका नाही. पुढे १५६५पासून १८१५पर्यंत मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. त्या वाटेनं आंबा गेला आणि चिंचही रुजली. मेक्सिकोच्या बाजारात पिवळाधमक, लांबुडका आंबा आजही 'मनिला' या नावानंच विकतात. म्हणजे पोर्क आणि फळ यांचं जे लग्न तिथे लागलं, त्यात वऱ्हाडी चारही दिशांनी आले होते.

त्याच काळात, त्याच प्रकारच्या गलबतांतून, उलट्या दिशेनं आपल्याकडेही बरंच काही उतरलं. मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ. कोकणी माणूस ज्यांना आपल्या परसातली झाडं समजतो, त्यांतली बरीचशी अमेरिका खंडातली. गोव्यात पोर्क शिजवण्याची जी रीत पोर्तुगीजांनी आणली, ती वाइन आणि लसणात मांस मुरवण्याची होती. गोव्यानं वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर घातलं आणि विंदालू झालं. मेक्सिकोतला 'आदोबो' याच इबेरियन मुरवणीचा चुलतभाऊ. शिवाय गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आमसोलं घालून शिजवलेलं पोर्क आहे, बिंबलं घालून केलेलं आहे. कुर्गात काचमपुळीचा काळा अर्क घालतात. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत 'इंदियाल' आहे. चरबी आणि आंबट फळ यांची सोयरीक आपल्या किनाऱ्याला नवी नाही. या पुस्तकाचा विषय मेक्सिको आहे आणि तो तिथेच राहिला आहे, हे मला आवडलं. पण वाचणाऱ्याची जीभ कोरी नाही, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

मेक्सिकोत पोर्क आणि फळ यांची एकच एक रीत नाही. प्रांतागणिक ती बदलते, आणि नवख्या माणसानं निदान चार घराणी ओळखून ठेवावीत.

सगळ्यांत जुनं, निदान पद्धतीनं जुनं, घराणं युकातानचं. 'कोचिनिता पिबिल' हा तिथला मानाचा पदार्थ. माया लोक जमिनीत खड्डा खणून त्यात मांस पुरून शिजवत. त्या भट्टीला 'पिब' म्हणतात. पूर्वी त्यात हरण, पेक्करी, टर्की जात असे, नंतर डुक्कर गेलं. खड्ड्याच्या तळाशी दगड रचायचे आणि वर लाकडं पेटवायची. लाकडांचे निखारे झाले आणि दगड तापून पांढुरके पडले, की केळीच्या पानांचं अस्तर लावलेला पत्र्याचा मोठा डबा आत उतरवायचा. डब्यात आंबट संत्र्याच्या रसात आणि आचिओतेच्या लाल वाटणात मुरलेलं डुक्कर. वरून पुन्हा पानं, पत्रा, आणि शेवटी माती. कुठून वाफ निसटताना दिसली, तर तिथे आणखी दोन ओंजळी माती टाकायची. रात्रभर कोणी उघडून बघत नाही. सकाळी माती बाजूला केली, की पानं करपून तपकिरी झालेली असतात आणि त्यांचा वास मांसात उतरलेला असतो. मेरिदा शहरात रविवारी सकाळी लोक हे नाश्त्याला खातात. पावात किंवा टॉर्टियात भरून, वर आंबट संत्र्याच्या रसात मुरवलेला लाल कांदा आणि हाबानेरो मिरची.

आचिओते म्हणजे आपली शेंद्री. कोकणात कितीतरी बागांच्या कुंपणाला तिची काटेरी बोंडं लटकलेली दिसतात आणि मुलं त्यांच्या बियांनी तोंडं रंगवतात. स्वयंपाकात कुणी घालत नाही. बिया खड्यासारख्या कडक असतात, पाट्यावर सहज वाटल्या जात नाहीत. तिचा रंग पाण्यापेक्षा चरबीत छान सुटतो, त्यामुळे कोचिनितावर जो केशरी तवंग येतो, त्यात डुकराच्या चरबीचा वाटा मोठा. आंबट संत्र्याची अडचण मात्र खरी आहे. नागपुरी संत्रं फार गोड, आणि मोसंबीत आंबटपणा नावालाच, त्यामुळे मोसंबीचा विचारही करू नये. लेखिकेनं दोन भाग संत्र्याच्या रसाला एक भाग लिंबाचा रस असं प्रमाण दिलं आहे. नागपुरी संत्रं असेल तर मी लिंबू याहूनही थोडं वाढवीन.

दुसरं घराणं मिचोआकानचं, 'कार्नितास'चं. तांब्याच्या प्रचंड कढईत डुकराची चरबी वितळवायची आणि तिच्यात डुकराचे तुकडे तासन्‌तास मंद शिजवायचे. ही कढई म्हणजे 'कासो'. तांब्याच्या कामासाठी त्याच राज्यातलं सांता क्लारा देल कोब्रे हे गाव प्रसिद्ध आहे, आणि कार्नितास खायला लोक किरोगाला जातात. फळ इथे कमी असतं. बहुधा अर्धं कापलेलं संत्रं सालीसकट चरबीत सोडतात. सालीतलं तेल आणि थोडा रस एवढंच त्याचं काम. टपरीवर गेलं, की काय हवं ते नीट सांगावं लागतं : नुसतं मांस, कातडी, जठर, की सगळ्याची मिसळ. बिचकणाऱ्यानं 'मासिसा' म्हणजे नुसतं मांस मागावं. जाणकार 'सुर्तिदा' मागतात. अमेरिकेतल्या स्लो कुकरच्या पुस्तकांनी सर्वांत जास्त छळ मांडला तो याच पदार्थाचा. संत्र्याच्या रसात उकडलेल्या कुठल्याही पोर्कला तिथे कार्नितास म्हणतात.

तिसरं घराणं मोलेचं, म्हणजे मिरच्यांच्या वाटणाच्या दाट रसाचं, आणि फळाची खरी मिजास इथे. 'मान्चामान्तेलेस' या पदार्थाच्या नावाचा अर्थ टेबलावरची चादर डागाळणारा. वाहाकाच्या सात मोलेंमध्ये त्याची गणना होते, पण तो पुएब्लात आणि इतरत्रही आहे. आंचो मिरची भिजवून वाटायची, तिच्यात टोमॅटो, कांदा, लसूण, दालचिनी, लवंग, कधी बदाम, कधी तीळ घालायचे. या रसात पोर्क किंवा कोंबडी शिजते, आणि वरून अननस, सफरचंद किंवा नाशपती, आणि मोठं शिजवायचं केळं. कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रूस सतराव्या शतकात मेक्सिको शहरातल्या सान हेरोनिमो मठात राहत होती. त्या मठाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पाककृतींच्या वहीत मान्चामान्तेलेस आहे. ती वही सोर हुआनाच्या हातची की नाही यावर पंडित भांडतात. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की मठांतल्या स्वयंपाकघरांत स्पॅनिश जोगिणी आणि स्थानिक बायका एकाच चुलीपाशी उभ्या होत्या. मिरची एकीची, लवंग-दालचिनी दुसरीची.

चौथं घराणं सणासुदीचं. पुएब्लाचा 'चिलेस एन नोगादा' ऑगस्ट-सप्टेंबरात होतो, कारण तेव्हाच ओले अक्रोड, डाळिंब आणि डोंगराळ भागातली छोटी सफरचंदं, पीच, नाशपती एकदम बाजारात येतात. पोब्लानो मिरचीत पोर्कचा खिमा आणि ही फळं भरायची, वर अक्रोडाचा पांढरा रस आणि डाळिंबाचे दाणे. १८२१मध्ये स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती ऑगस्तिन दे इतुर्बिदे पुएब्लाला आला, तेव्हा जोगिणींनी तो पहिल्यांदा केला, ही कथा प्रत्येक गाइड सांगतो. कथा म्हणून ऐकावी. या चारांबाहेरचा 'ताकोस आल पास्तोर', ज्याच्या शेंड्यावर अननस खोचलेला असतो, तो लेबनॉनहून आलेल्या कुटुंबांच्या फिरत्या सळईचा मेक्सिकन अवतार. तो जाळावर भाजायचा पदार्थ आहे. बंद भांड्यात तो होत नाही, आणि हे पुस्तक तसा आवही आणत नाही.

ही सगळी विद्या छापील पानावर यायला वेळ लागला. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर दहा वर्षांनी, १८३१मध्ये, 'एल कोसिनेरो मेहिकानो' हे पुस्तक निघालं. प्रांताप्रांतांतल्या बायकांच्या कृती गोळा करून छापण्याचं काम होसेफिना वेलास्केस दे लेओन हिनं विसाव्या शतकाच्या मध्यावर केलं. १९४६मधलं तिचं प्रादेशिक पदार्थांचं पुस्तक आजही संदर्भाला काढतात. इंग्रजी वाचकाला हे जग दाखवलं डायना केनेडी या ब्रिटिश बाईनं. १९५७मध्ये ती मेक्सिकोला आली, १९७२मध्ये तिचं 'द क्विझिन्स ऑफ मेक्सिको' निघालं, आणि २०२२मध्ये ती मिचोआकानातल्या आपल्या घरीच वारली. बाई अत्यंत कडक. तिच्या पुस्तकासमोर स्लो कुकर काढून ठेवायला आजही थोडा धीर लागतो. २०१०मध्ये युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेही मिचोआकानचा नमुना पुढे ठेवून.

आता भांड्याकडे. स्लो कुकर मेक्सिकोचा नाही. मेक्सिकन घरांत मातीची 'ओया' असते आणि शहरांत आपल्यासारखाच शिट्टीचा कुकर असतो. स्लो कुकर शिकागोचा. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या संशोधकाला त्याचं पेटंट १९४०मध्ये मिळालं. मूळ प्रेरणा त्याच्या आईनं सांगितलेल्या लिथुआनियातल्या आठवणीची : शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी ज्यू घरांतून घेवड्याची आणि मांसाची हंडी गावच्या बेकरीत नेऊन ठेवायची, आणि विझत चाललेल्या भट्टीच्या उबेवर ती रात्रभर शिजायची. १९७०मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी 'क्रॉक-पॉट' बाजारात आलं. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. शब्बाथच्या हंडीतून निघालेलं हे भांडं आज जगभर डुक्कर शिजवायला वापरलं जातं, यावर नॅक्सनची आई काय म्हणाली असती कोण जाणे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मेक्सिकन कुटुंबांच्या ओट्यावर हे भांडं पोचलं आणि तिथे या पुस्तकाचा विषय जन्माला आला. त्याला अस्सल म्हणावं का, हा वाद मला फारसा रंजक वाटत नाही. झाकलेली, बाहेरचा वारा न लागणारी, तासन्‌तास न उघडायची मंद आच हे पिबचंच तत्त्व आहे. फरक पडतो तो धुरात आणि करपण्यात. पिबमध्ये पान करपतं, कासोत कडा तांबूस होतात. स्लो कुकरमध्ये काहीच करपत नाही. ही त्याची सोय आहे आणि हीच त्याची मर्यादाही.

आत काय घडतं ते एकदा समजून घेतलेलं बरं. पोर्कचा खांदा घ्यावा, म्हणजे पुढच्या पायाच्या वरचा भाग. त्यात चरबीच्या रेषा असतात आणि कोलॅजन नावाचा चिवट धागा भरपूर असतो. साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे हे कोलॅजन विरघळून जिलेटिन होऊ लागतं, पण त्याला घाई चालत नाही. मांसाचा गाभा ९० ते ९५ अंशांपर्यंत गेला आणि तिथे बराच वेळ राहिला, की काटा लावताच धागे सुटतात. पाठीकडचं बिनचरबीचं मांस घेतलं तर तेवढ्या वेळात त्याचा भुसा होतो. स्लो कुकरवर 'लो' आणि 'हाय' अशा खुणा असतात. पुष्कळांना वाटतं, लो म्हणजे कमी तापमानाला शिजतं. बहुतेक भांडी शेवटी एकाच तापमानाला, उकळीच्या जरा खाली, जाऊन थांबतात. लोवर तिथे पोचायला जास्त वेळ लागतो एवढंच. दीड किलोचा खांदा चार मोठ्या तुकड्यांत लोवर सात ते आठ तास घेतो.

फळ इथे दोन प्रकारे वागतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. कच्ची पपई लावून मटण मऊ करणाऱ्या घरांना हे सांगायला नको. पण अननसाच्या रसात पोर्क रात्रभर मुरत ठेवलं, तर सकाळी वरचा थर पिठल्यासारखा झालेला असतो आणि आतला तसाच. म्हणून मुरवण संत्र्याची करावी आणि अननस भांड्यातच घालावा; ७० अंशांच्या आसपास त्या एन्झाइमचा जोर संपतो. डब्यातल्या अननसात तो आधीच संपलेला असतो, म्हणून लेखिका डब्यातला अननस बिनदिक्कत मुरवणीत वापरते. शास्त्र तिच्या बाजूनं आहे, पाक धुऊन टाकण्याची सूचनाही तिनं दिली आहे. तरी मला तो वास सोसत नाही. दुसरं वागणं दाटपणाचं. सफरचंद विरघळून रसात मिसळतं, पेरू आपल्या पेक्टिननं रस आवळतो, नाशपती आकार टिकवते. मोठं केळं सुरुवातीलाच घातलं तर त्याची लापशी होते. ते वेगळं तळून शेवटच्या अर्ध्या तासात घालावं. मेक्सिकोच्या 'प्लातानो माचो'च्या जागी लेखिकेनं वसईची राजेळी केळी सुचवली आहेत, ज्यांची सुकेळी होतात तीच. या पुस्तकातला हा सर्वांत चोख पर्याय. आणि वसईत राजेळी आणि पोर्क दोन्ही एकाच बाजारात मिळतात.

बंद भांड्यातून वाफ बाहेर जात नाही, ही गोष्ट नवखे विसरतात. कढईच्या सवयीनं दोन वाट्या पाणी ओतलं, तर आठ तासांनी मांस पातळ आमटीत पोहत असतं. पोर्क आणि फळ दोन्ही पाणी सोडतात. अर्धी वाटी रस पुरे. दर तासाला झाकण उचलून बघण्याची खोड असेल, तर आधी ती सोडावी, कारण प्रत्येक वेळी उष्णता निघून जाते आणि शिजायला तितका वेळ वाढतो. शेवटी मांस बाहेर काढून रस उघड्या पातेल्यात आटवायचा, आणि मांसाचे धागे तापलेल्या लोखंडी तव्यावर त्याच चरबीत दाबून कडा कुरकुरीत करायच्या. भांड्यानं जे दिलं नाही ते तवा देतो. लेखिका मांस आधी तांबूस परतून मग भांड्यात टाकायला सांगते. मी नंतर तव्यावर घेणाऱ्यांतला. आधी परतलेला पापुद्रा आठ तासांच्या वाफेत मऊ पडतो, आणि ज्या कुरकुरीतपणासाठी हे सगळं करायचं तो ताटात येतच नाही.

आपल्याकडे पोर्कची जी भीती आहे, ती अगदीच निराधार नाही. नीट न शिजलेल्या पोर्कमधून पट्टकृमीची लागण होते, हे खरं आहे. सध्याच्या अमेरिकी सरकारी नियमानुसार पोर्कचा गाभा ६३ अंशांपर्यंत जाऊन तीन मिनिटं विसावला, की अखंड तुकडा सुरक्षित मानतात. आपण इथे त्याच्या कितीतरी पुढे जातो. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. गोठलेलं मांस तसंच स्लो कुकरमध्ये टाकलं, तर ते जंतू वाढण्याच्या तापमानात तासन्‌तास रेंगाळतं. ते आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटं करून घ्यावं. दुसरा धोका अमेरिकन पुस्तकांत फारसा सापडत नाही, तो लोडशेडिंगचा. सकाळी भांडं लावून कामावर गेलात आणि मध्ये दोन-अडीच तास वीज गेली, तर संध्याकाळी भांड्यातलं मांस दिसायला शिजलेलं असलं तरी त्याचा भरवसा नाही. लेखिकेनं यासाठी सुटीच्या दिवसाचा नियम घातला आहे : पहिल्यांदा करताना घरी असा. विजेचा खर्च मात्र घाबरण्यासारखा नाही. अडीचशे वॉटचं भांडं आठ तास चाललं तरी फार तर दोन युनिट. अमेरिकेतल्या भावाबहिणीनं बॅगेतून आणून दिलेलं भांडं तिथल्या १२० व्होल्टवर चालणारं असतं. ते इथल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये खुपसू नये, हेही सांगून टाकतो. निदान एका ओळखीच्या घरात त्याचा धूर निघालेला आहे.

हे पुस्तक मराठीत आत्ता का? एक कारण साधं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया-टेक्ससकडे राहणारी मराठी घरं मेक्सिकन शेजारात राहतात. कोपऱ्यावरच्या दुकानात आंचो मिरची, आचिओतेची लाल वडी, केळीची गोठवलेली पानं हे सगळं मिळतं, आणि ते कसं वापरायचं हे आपल्या भाषेत सांगणारं काही नाही. दुसरं कारण जरा अडचणीचं. मराठी पाकपुस्तकांच्या कपाटात पोर्क जवळपास नाहीच. गोव्यात, वसईत, कितीतरी दलित आणि आदिवासी घरांत ते शिजत आलं, पण छापील 'महाराष्ट्रीय स्वयंपाका'त त्याला पाट मिळाला नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'नं मराठवाड्यातल्या दलित जेवणाची नोंद केली, तेव्हा कुठे अनेकांना कळलं, की आपण वाचत होतो ती पुस्तकं किती थोड्या चुलींची होती. मेक्सिकोच्या वाटेनं का होईना, पोर्क कसं निवडावं, कसं कापावं, किती शिजवावं याविषयी मराठीत संकोच न बाळगता लिहिलं जातंय, याचं मला मोल वाटतं.

लेखिकेचा आवाका जाणूनबुजून लहान आहे. सगळा मेक्सिको इथे नाही. मासे नाहीत, मका थोडाच, आणि टॉर्टिया घरी करण्याची कृती तर मुद्दाम गाळली आहे, कारण चुन्याच्या पाण्यात मका शिजवून दळण्याचं शास्त्र हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय. पर्यायांच्या बाबतीत ती कडक आहे. आंचोच्या जागी नुसती ब्याडगी वापरली तर रंग येतो आणि तिखटपणाही बेतात राहतो, पण आंचोला मनुकांसारखी जी गोडूस खोली आहे, ती येत नाही. म्हणून ती ब्याडगीबरोबर थोडे काळे मनुके वाटायला सांगते. कोकम मात्र तिनं कुठेच घालू दिलेलं नाही. त्यानं पदार्थ वाईट होत नाही, पण मग तो गोव्याचा होतो, आणि गोव्याचा तो आधीच उत्तम आहे, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. शिट्टीच्या कुकरासाठी वेगळी वेळ प्रत्येक कृतीखाली दिली आहे. जिथे आठ तास तिथे पाऊण तास, आणि फळ नंतर. स्लो कुकर नाही म्हणून कुणी पुस्तक मिटून ठेवण्याचं कारण उरत नाही.

एक सूचना माझी. सुरुवात कोचिनितापासून करू नका. केळीची पानं, शेंद्री, संत्रं-लिंबाचा हिशेब यांत पहिल्याच दिवशी जीव दमतो. मान्चामान्तेलेस आधी करा. मिरच्यांच्या बिया काढून त्या कोरड्या तव्यावर काही सेकंद फक्त शेकून घ्या, काळ्या पडल्या तर फेकून नव्या घ्या, कारण तो कडूपणा पुढे अननसालाही आवरत नाही. खाटकाकडून खांदा घेताना तो चरबी काढून द्यायला लागला, तर त्याला थांबवा. रात्री उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं, की सकाळी वर चरबीचा लाल थर गोठलेला दिसेल. तो वेगळा काढून बरणीत भरा. दुसऱ्या दिवशीची अंडी किंवा बटाट्याच्या काचऱ्या त्यात परता. जेवायला भाकरीही चालते, तांदळाची असेल तर जास्त बरी.